चघळायची व्हिटॅमिन सी 500, पण दुखण्यावर: दहा दिवस घेऊन बघितली

आधीच सांगते, सर्दीसाठी नाही, इम्युनिटीसाठी नाही, चेहऱ्यावर ग्लो यावा म्हणून तर अजिबातच नाही. मी ही गोळी घेतली पाय मुरगळला म्हणून, दुखणं कमी होतंय का ते बघायला. साधी चघळायची व्हिटॅमिन सी, 500 मिलिग्रॅमवाली, केशरी, जी बऱ्याच घरांत कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये अर्धी संपून पडलेली असते. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण आतला माल सगळ्यांचा जवळजवळ सारखाच, एस्कॉर्बिक ॲसिड आणि बहुतेक वेळा सोबत सोडियम एस्कॉर्बेट, वरून साखर, रंग आणि संत्र्याचा वास. तेव्हा हा रिव्ह्यू एका कंपनीचा नाही, या गोळीचा आहे असं समजा.

झालं असं की जिन्याची शेवटची पायरी उतरून झाली असं मला वाटलं आणि ती उतरायची बाकी होती. डावा पाय आत वळला, कट् असा आवाज आला (नंतर सगळे म्हणाले भास असेल, भास नव्हता) आणि मी तिथेच बसकण मारली. पंधरा मिनिटांत घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज, संध्याकाळपर्यंत पावलाच्या कडेने काळंनिळं.

गोळीच्या आधी एक कामाची गोष्ट, कारण लोक थेट औषधावर उडी मारतात. घोटा मुरगळल्यावर एक्स-रे लागेल का हे ठरवायला डॉक्टर ओटावा रूल्स नावाची पद्धत वापरतात, 1992 पासूनची आहे. चार पावलं टाकता येतायत का, लंगडत टाकली तरी चालतात. मग घोट्याची जी दोन हाडं दोन्हीकडे टेंगळासारखी वर येतात त्यांच्या टोकावर आणि मागच्या कडेवर दाबून कळ येते का, आणि पावलावर दोन जागा, बाहेरच्या कडेला मधोमध लागणारं हाड आणि आत कमानीच्या वर. मला चार पावलं टाकता आली, हाडावर दाबलं तर काही नाही, दुखत होतं ते हाडाच्या पुढच्या खळग्यात, म्हणजे लिगामेंट, हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा. डॉक्टरांनीही दाबूनबिबून हेच सांगितलं, हाड ठीक आहे, वरून डायक्लोफेनॅकचं पेनकिलर जेल लावा, अगदीच लागली तर पॅरासिटामॉल घ्या, आणि पाय पूर्ण बांधून ठेवू नका, झेपेल तसं चाला.

मग यात व्हिटॅमिन सी आलं कुठून? तर ताईकडून. फोनवर म्हणाली, "अगं सी घे ना, हात मोडलेल्यांना देतात, दुखणं राहत नाही म्हणे." म्हणे! ताईच्या प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी हे 'म्हणे' असतंच. पण पाय उशीवर टाकून पडले होते, दुसरं काही काम नव्हतं, म्हटलं बघूया तरी हे म्हणे कुठून आलंय.

आणि गंमत म्हणजे ते हवेतलं नव्हतं. नेदरलँड्समध्ये मनगट मोडलेल्या 123 लोकांवर अभ्यास झाला होता, 1999 साली छापून आला. अर्ध्यांना रोज 500 मिलिग्रॅम सी, अर्ध्यांना नकली गोळी, 50 दिवस. बघत होते ते एका विचित्र दुखण्याकडे, ज्याला आता सीआरपीएस म्हणतात. हाड जुळून येतं पण हात काही शांत होत नाही, जळजळतो, सुजतो, रंग बदलतो, घाम सुटतो, नुसती बाही घासली तरी जीव जातो, आणि हे महिनोन्महिने. नकली गोळीवाल्यांत हे 22 टक्के मनगटांना झालं, सीवाल्यांत 7 टक्के. मग त्याच लोकांनी 2007 मध्ये मोठा अभ्यास केला, 416 पेशंट, यावेळी तीन डोस, 200, 500 आणि 1500. नकलीवर 10.1 टक्के, सी घेणाऱ्या सगळ्यांचे मिळून 2.4 टक्के, आणि 500 आणि 1500 मध्ये फरक जवळजवळ नाहीच. म्हणजे जास्त खाल्ली म्हणून जास्त फायदा असं काही नाही, हे वाक्य लक्षात ठेवा, मी ठेवलं नव्हतं, पुढे येईल.

इथपर्यंत वाचून मी बाटली उघडली. पुढचं वाचायला हवं होतं. 2014 मध्ये एडिंबरामधून 336 लोकांचा अभ्यास आला, तेच मनगट, तेच 500, तेच 50 दिवस, आणि वर्षभराने बघितलं तर हात किती चालतो यात सी आणि नकली गोळी सारखेच. म्हणजे ज्या कामासाठी सीचं नाव झालंय त्या कामातसुद्धा मामला अर्धवटच आहे.

आणि त्याहून मोठी गोची वेगळीच. हे सगळे अभ्यास पुढे जाऊन ते भलतं दुखणं मागे लागू नये यासाठीचे आहेत. आज मुरगळला आणि आज ठणकतोय, त्यावर सी चालतं का हा प्रश्नच वेगळा. आग विझवणं आणि आग लागू नये म्हणून वायरिंग बदलणं यात फरक आहे की नाही. ताईच्या 'म्हणे'मध्ये हे दोन्ही एकत्र कालवलेलं होतं.

तरी कागदावर बघितलं तर अगदीच खुळ्यासारखी कल्पना नाहीये. माणसाचं शरीर सी बनवत नाही, बाहेरूनच घ्यावं लागतं. मार लागला किंवा ऑपरेशन झालं की रक्तातलं सी खाली येतं. लिगामेंट ज्या कोलॅजन नावाच्या प्रोटीनचं बनतं ते पक्कं व्हायला सी लागतं. शरीरात नॉरॲड्रेनलिन बनतं, ज्याचा मणक्यातून जाणाऱ्या वेदनेच्या सिग्नलला ब्रेक लावण्यात हात असतो, त्याच्या शेवटच्या पायरीवरही सी लागतं. आणि स्कर्व्ही (सी फारच कमी पडलं की होणारा आजार) झालेल्यांचे पाय आणि सांधे दुखतात हे तर शेकडो वर्षं माहीत आहे. म्हणजे कमी असेल तर दुखतं हे नक्की. पण कमी नसताना वरून अजून टाकलं तर दुखणं कमी होतं का? टाकी भरलेली असताना पेट्रोल ओतून गाडी जोरात पळते का, तसं काहीसं.

तर माझी टेस्ट. एक जुनी वही घेतली. सकाळ, दुपार, रात्र, तीन वेळा 0 ते 10 मध्ये आकडा लिहायचा, बसून असताना किती आणि दहा पावलं चालल्यावर किती. आणि दिवसभरात पॅरासिटामॉलच्या किती गोळ्या लागल्या ते. गोळी 500 ची, सकाळी एक, रात्री एक, म्हणजे दिवसाला एक ग्रॅम. जेल रोज चालूच ठेवलं, कारण रिव्ह्यूसाठी मी उगाच तडफडत बसणार नव्हते.

पहिल्याच रात्री कळलं की आकडा लिहिणं वाटतं तितकं सोपं नाही. आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत बघा, ठणकतंय, सणकतंय, ठुसठुसतंय, कळ येतीये, नुसतंच दुखरं आहे. बसले असताना ठणका होता, पाय खाली सोडला की तो वाढायचा, आणि पाऊल तिरकं पडलं की सण्णकन कळ. ठणका दिवसभर 5 चा, कळ दोन सेकंदांची पण 9 ची, आता वहीत काय लिहू? मी ठणक्याचा लिहिला. दुसऱ्या कोणी कळेचा लिहिला असता. अभ्यासात शेकडो लोक घेतात त्याचं एक कारण हेही असणार, माझ्यासारख्या एकीच्या वहीवर कोण विश्वास ठेवणार, मीच ठेवत नाहीये.

दुसरी अडचण, मला माहीत होतं मी काय खातेय. त्यामुळे आकडा लिहिताना हात आपोआप खाली जायचा, 6 लिहायला गेले आणि वाटलं नाही नाही, कालपेक्षा बरं आहे, 5 लिहूया. ताईला सांगितलं तर तिने दुसऱ्या दिवशी येऊन डोकं लढवलं, एका डबीत गोळ्या आणि दुसऱ्या डबीत त्याच रंगाच्या गोड चकत्या भरल्या, कशात काय ते फक्त तिला माहीत. म्हणाली, "आता कर तुझं ते संशोधन." मी एक तोंडात टाकली आणि दोन सेकंदांत म्हटलं, ही गोळी नाहीये. कारण सी आंबट असतं! दात शिवशिवले नाहीत म्हणजे ते सी नव्हे. खऱ्या चाचणीत यासाठी नकली गोळीसुद्धा दिसायला आणि चवीला तशीच ठेवायला लागते, किंवा सरळ गिळायची कॅप्सूल द्यायची. ताईचा प्रयोग पाच मिनिटांत आटोपला आणि चकत्या तिनेच खाल्ल्या.

(याच व्हिटॅमिनच्या नशिबाने 1747 मध्ये जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्हीच्या 12 खलाशांच्या जोड्या पाडून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला होता, आणि संत्री-लिंबंवाले दोघं सगळ्यात लवकर उठले. औषधाची अशी शेजारी शेजारी ठेवून केलेली तुलना म्हटलं की आजही त्याचं नाव निघतं. पण तिथे फरक डोळ्यांना दिसत होता, माझ्या घोट्यात 6 आणि 5 मधला फरक मलाच दिसत नव्हता.)

आता तिसरा दिवस, ज्याच्याबद्दल लिहायला लाज वाटते पण रिव्ह्यू आहे तर लिहिते. वैताग आला होता, आकडा 5-6 वरून हलेना, वाटलं डोसच कमी पडत असेल. एका दिवसात सहा गोळ्या, 3000 मिलिग्रॅम. वर लिहिलंय ना 500 आणि 1500 मध्ये फरक नव्हता, ते मीच वाचलेलं. शरीर थोडं थोडं दिलं तर 70 ते 90 टक्के सी घेतं, पण दिवसाला एक ग्रॅमच्या वर गेलं की निम्म्याहूनही कमी आत जातं, उरलेलं आतड्यातच राहतं आणि तिथे पाणी ओढतं. रात्री दोन वाजता पोटात गुडगुड सुरू झाली आणि पुढे काय झालं ते कळलंच असेल. एका पायावर, भिंतीला धरून, अंधारात, घाईत. वहीत त्या रात्रीचा आकडा 8 आहे आणि तो दुखण्याचा कमी आणि अपमानाचा जास्त आहे. मोठ्या माणसांसाठी दिवसाची वरची मर्यादा 2000 मिलिग्रॅम धरतात, ती याचसाठी, जुलाब. आणि रोजची गरज? अमेरिकेच्या हिशेबाने बायकांना 75 मिलिग्रॅम, पुरुषांना 90. म्हणजे एका गोळीतच साडेपाच ते साडेसहा दिवसांचा कोटा असतो.

चौथ्या दिवसापासून परत दोनवर आले. आणि चौथ्याच दिवशी आकडा 4 झाला! पाचव्याला 4, सहाव्याला 3, आठव्याला 2, दहाव्या दिवशी 1, तोही फक्त मांडी घालून बसल्यावर. पॅरासिटामॉल पहिल्या दिवशी 4, मग 3, मग 2, मग 1, पाचव्यापासून शून्य. एकूण दहा गोळ्या. मी खूश, ताईला फोटो पाठवला वहीचा, ताई म्हणाली "बघ, म्हटलं नव्हतं?"

आणि मग मला आठवलं की उजवा पाय दोन वर्षांपूर्वी असाच मुरगळला होता. तेव्हा वही नव्हती पण ताईला रोज मेसेज करत होते. शोधून काढले. दुसरा दिवस, "रडायला येतंय." चौथा, "आज बरं आहे, गोळी एकच." सहावा, "जिना उतरले!!" तीन अंगठे. यावेळी मी जिना सातव्या दिवशी उतरले. तेव्हा व्हिटॅमिन सी घेतलं नव्हतं, एकही नाही.

म्हणजे सी घेतल्याने एक दिवस उशीर झाला असं म्हणायचं का? नाही हो. पायही वेगळा, मारही वेगळा. साधा मुरगळलेला घोटा पहिल्या एक-दोन आठवड्यांत आपला आपणच बराच निवळतो, त्यावर काहीही घ्या, आकडा खाली येणारच, आणि जे घेतलं त्याला श्रेय मिळणार. रोज उठणाऱ्या डोकेदुखीवर आज ही गोळी उद्या ती असं आलटून पालटून बघता येतं. ताज्या जखमेचं तसं नाही, आज आणि उद्या सारखे नसतातच, आणि परत पहिल्या दिवसावर जायचं तर परत पाय मुरगळावा लागेल. त्यामुळे घरच्या घरी हे ठरवताच येणार नाही, एवढा दहा दिवसांचा उपद्व्याप करून मला हे कळलं. त्यासाठी एकाच वेळी पाय मुरगळलेले भरपूर लोक लागतात, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले, आणि दोन्ही गटांनी सारखीच आंबट गोळी खाल्लेली.

आणि मोजायचं काय, तर माझं मत आहे आकड्यापेक्षा पेनकिलरच्या गोळ्या मोजा. आकडा माझ्या मूडवर जातो, गोळी एकतर घेतली किंवा नाही घेतली. मार लागल्यानंतर काही लोकांना ओपिऑइडवाल्या, म्हणजे अफूच्या जातीच्या पेनकिलर गोळ्या मिळतात आणि काहींची सवय सुटत नाही, तिथे सीसारखी साधी गोष्ट दोन-चार गोळ्या जरी वाचवत असेल तरी ती मोठी गोष्ट आहे, म्हणून हे तपासण्यात अर्थ आहे असं मला खरंच वाटतं. पण स्पर्धा कोणाशी आहे तेही बघा. न्यूयॉर्कमध्ये इमर्जन्सीत आलेल्या 416 लोकांवर (हो, परत 416, योगायोग) एक अभ्यास झाला, 2017 चा, हातापायाला ताजं दुखणं घेऊन आलेले. आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 1000 एकत्र दिल्यावर दोन तासांत आकडा सरासरी 4.3 ने उतरला, ओपिऑइड मिसळलेल्या तीन वेगवेगळ्या गोळ्यांनी 3.5 ते 4.4, म्हणजे तोडीस तोड. पेशंटला जाणवेल असा फरक म्हणजे साधारण 1.3 धरतात. माझ्या सीने दोन तासांत काय केलं? रोज सकाळी गोळी चघळल्यावर दोन तासांनी मी मुद्दाम बघायचे. काही नाही. दात आंबले एवढंच. जेल लावल्यावर मात्र अर्ध्या-पाऊण तासात ठणका बसायचा, माझ्यापुरतं सांगतेय, पण त्याच्यामागे आकडेही आहेत. अशा मुरगळण्या-लचकण्यावर पहिलं जेल, मग पोटात घ्यायची गोळी, असं अमेरिकन डॉक्टरांच्या दोन मोठ्या संघटनांनी 2020 मध्ये सांगितलंय. त्या यादीत व्हिटॅमिन सी नाही.

आता गोळी म्हणून गोळी कशी आहे. चव चांगली, पहिला सेकंद गोड, मग जिभेच्या कडांना आंबट, शेवटी खडूसारखी भुकटी दाढेत अडकते. ती तशीच ठेवू नका, ॲसिड आहे, दाताचं इनॅमल खातं, चघळून झाल्यावर पाण्याने चूळ भरा. मी पाच दिवस भरली नाही आणि गार पाणी लागायला लागलं. गिळायची मिळत असेल तर तीच बरी. बाटलीचं झाकण दाबून फिरवायचं आहे, मुलांसाठी चांगलं, पण झोपून एका हाताने उघडत नाही. तळाच्या चार-पाच गोळ्यांवर तपकिरी ठिपके होते, दमट हवा लागली की सीचं असं होतं, बाथरूममध्ये ठेवली होती, चूक माझीच. आणि लघवी पिवळीजर्द झाली म्हणजे सी काम करतंय असं समजणाऱ्यांना, ते बी2 चं काम आहे, मल्टिव्हिटॅमिनमधलं.

मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी हा प्रयोग करू नये, सीचं शरीरात काही प्रमाणात ऑक्सलेट होतं, स्वीडनमधल्या 2013 च्या अभ्यासात सीच्या गोळ्या घेणाऱ्या पुरुषांत खड्यांचं प्रमाण सुमारे दुप्पट होतं. अंगात लोह साठण्याचा आजार असेल तरीही नको, सीमुळे लोह जास्त शोषलं जातं. जीसिक्सपीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एक एन्झाइम) कमी असेल तर मोठा डोस अजिबात नको. आणि घरी बोटाला टोचून शुगर बघणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगून ठेवा, सीचं प्रमाण खूप वाढलं तर काही मशीन चुकीचा आकडा दाखवतात.

स्टार द्यायचे तर व्हिटॅमिनची गोळी म्हणून चार, एक दातांसाठी कापला. पेनकिलर म्हणून रकाना रिकामा सोडतेय, शून्य नाही देत, कारण शून्य द्यायलाही काहीतरी सिद्ध व्हावं लागतं आणि माझ्या वहीने काहीच सिद्ध केलेलं नाही. ताईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पण बरा झाला ना पाय?" झाला. उरलेल्या गोळ्या तिला देऊन टाकल्यात.